नवव्या तासानंतरची मजुरी

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील कामाच्या तासांची चौकशी करण्यासाठी पहिले कमिशन नेमले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून विचार ऐकावे अशी सोय पुण्यात होत असताना, मुंबईत ज्याला संध्याकाळच ठाऊक नाही अशा माणसाची चौकशी चालू होती, ही आठवण आज या व्यासपीठावर उभे राहताना आम्हांस झाल्याखेरीज राहत नाही. त्या कमिशनात बहुमत कायद्याच्या विरुद्ध पडले. गिरणीकामगाराला तासांचे बंधन नको आहे, असे पुष्कळ साक्षीदारांनी सांगितले. ते साक्षीदार बहुतेक कामगार नव्हते.

चालकांनी आम्हांस 'कामगार आणि कायदा' असा ऐसपैस विषय दिला होता. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा शिकलो तो अर्ज लिहिता लिहिता आणि फेटाळले गेलेले अर्ज वाचता वाचता. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला हात न घालता त्यातील एकच धागा घेतो. ठरलेल्या वेळेनंतर जे काम करून घेतले जाते त्याची मजुरी, आणि ती बुडाली तर मिळणारी दाद. कुणी म्हणेल, जाफराबाद हे काही गिरणगाव नव्हे, येथे हा विषय कशाला? पण या मांडवात बसलेल्यांपैकी ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा जावई जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, वाळूजला किंवा चाकणला पाळीवर जातो अशांनी हात वर करावे असे म्हटले, तर आम्हांस पुढे बोलण्याचे कारणच उरणार नाही.

पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने लहान मुलांच्या कामाला थोडी मर्यादा घातली. मोठ्या माणसाच्या दिवसाला हात लावला नाही. या कायद्यामागे लँकेशायरच्या कापडवाल्यांचा हात होता हे खरे आहे. मुंबईचे कापड स्वस्त पडते, तेव्हा तेथील मजुराचे तास कमी झाले तर बरे, असा त्यांचा हिशेब. म्हणून आपल्याकडील राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी, त्यांत 'केसरी' आणि 'मराठा' हीही आली, या कायद्यांना विरोध केला. देशी धंदा बुडेल ही त्यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण देशी धंदा वाचवावयाचा तो कोणाच्या झोपेवर, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारला सत्यशोधकांच्या 'दीनबंधू'ने.

नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधू'चे संपादक. ते स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी समितीपुढे ठेवला. त्यातील मागण्या वाचल्या म्हणजे आजच्या माणसाला आश्चर्य वाटेल. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर काही भरपाई. सूर्यास्तापर्यंत काम हीच तेव्हा सवलत होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. पुढे १० जून रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या कितीजणांना लोखंड्यांचे नाव ठाऊक आहे, हे आपले आपणच पाहावे.

मुंबईची हकीकत लिहिली गेली, कारण तेथे वर्तमानपत्रे होती. कापसाच्या मुलखात काय चालले होते ते फारच थोडे लिहिले गेले. १८८५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या समितीपुढे खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगामात पहाटे चार-पाच वाजता काम सुरू व्हावयाचे आणि रात्री आठ-नऊला थांबावयाचे. आणि कापूस तुंबला म्हणजे तीच माणसे, तीच बायामाणसे, सलग आठ दिवस रात्रंदिवस कामावर ठेवल्याचीही साक्ष नोंदलेली आहे. या जिनांना पुढेही कायद्याने बराच काळ सैल सोडले. ती हंगामी, वर्षातून काही महिनेच चालणारी, म्हणून त्यांचे तास जास्त. जणू चार महिने राबणाऱ्या माणसाची पाठ निराळ्या हाडांची असते.

गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. लोखंड्यांच्या वेळी 'सूर्यास्तापर्यंत' हा शब्द मर्यादेचा होता. दिव्यांनी तो पुसून टाकला. ज्या गिरण्यांत दिवे लागले तेथे दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगारांनी दगड हाती घेतले. मग पुन्हा कमिशन, पुन्हा साक्षी, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. मोठ्या पुरुषाच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली ती ही पहिली. १९२० च्या जानेवारीत मुंबईत मोठा संप झाला आणि गिरण्यांतील दिवस दहा तासांवर आला.

आता आपल्या विषयाच्या मुळाशी येऊ. तास किती हा एक प्रश्न आणि जादा तासाला दाम किती हा दुसरा. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तेथे आठ तासांचा दिवस ठरला आणि जादा कामास निदान सव्वापट मजुरी द्यावी असेही ठरले. हिंदुस्थानला सवलत म्हणून आठवड्याचे साठ तास मिळाले; सवलत मालकांना, हे उघडच आहे. त्या परिषदेस मजुरांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. पुढे १९२२ च्या कारखाना कायद्यात साठ तासांचा आठवडा, अकरा तासांचा दिवस आणि सवलतीने करवून घेतलेल्या जादा कामाला सव्वापट मजुरी, अशी कलमे आली. जादा काम हे साध्या कामाहून महाग पडले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्यात शिरले ते तेव्हा. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा चोपन्न तासांवर आणला आणि काही तासांना दीडपट दर लावला. हंगामी कारखाने मात्र साठ तासांवर आणि दिवसाला अकरा तासांवरच राहिले.

हे दाम का वाढवावयाचे, याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज दिसतो. मजुराला बक्षीस म्हणून हा दर नाही. नवव्या तासाला पहिल्या तासाइतकाच दर दिला, तर मालकाला दोन माणसांचे काम एकाच माणसाकडून करून घेणे परवडते, आणि दुसरा माणूस फाटकाबाहेर उभा राहतो. दर दुप्पट झाला म्हणजे मालक स्वतःच्याच हिशेबाने विचार करू लागतो की दुसरा माणूस घ्यावा काय. दुप्पट दराचा खरा लाभार्थी पुष्कळदा तो फाटकाबाहेरचाच असतो.

या वेळी आपला हा मुलूख कोठे होता? जाफराबाद निजामाच्या राज्यात. पूर्णेच्या खोऱ्यातून थोडे पलीकडे गेले, चिखलीचा रस्ता धरला, की वऱ्हाड; आणि वऱ्हाड जरी नावाला निजामाचे, तरी १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. म्हणजे एकाच गावचा माणूस कापसाच्या हंगामात जालन्याच्या जिनावर गेला तर हैदराबादच्या कायद्याखाली, आणि खामगावकडे गेला तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या. आमचे आजोबा दोन्हीकडे राबलेले. 'वऱ्हाडात काय निराळे होते?' असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'तिकडं साहेब यायचा.' साहेब म्हणजे कारखाना-निरीक्षक. मग काय व्हावयाचे? तर साहेब येणार असे कळले की बायापोरांना कापसाच्या गंजीमागे बसवावयाचे आणि साहेब गेला की पुन्हा बोलवावयाचे. कायद्याने दिलेले तास आणि माणसाच्या वाट्याला आलेले तास यांतील अंतर आजोबांनी आम्हांस एवढ्यावर शिकविले.

तास आणि दर कायद्यात आले. पण पैसे बुडाले तर जावयाचे कोठे? दिवाणी न्यायालयात जावयाचे म्हणजे मुद्रांक, वकील, तारखा. दहा रुपयांच्या मजुरीसाठी वीस रुपये खर्चणारा मजूर कोठून आणावयाचा? व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने या गोष्टीकडे लक्ष वेधले. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. त्यातून १९३६ चा पगार देण्याविषयीचा कायदा निघाला. तो २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. त्यातील पंधरावे कलम आमच्या मते या देशातील कामगाराला मिळालेली सर्वांत मोठी कायदेशीर मदत होय. मजुरी कापली किंवा थकविली तर एका खास अधिकाऱ्याकडे अर्ज करता येई. अर्ज मजुराने स्वतः करावा, वकिलाने करावा, निरीक्षकाने करावा, किंवा नोंदलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याने लेखी अधिकार घेऊन करावा. आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला न्यायाच्या दारात उभे राहण्याचा परवाना मिळाला तो या शेवटच्या चार शब्दांनी. शिवाय पुष्कळांच्या वतीने एकच अर्ज चालत असे, आणि कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला होता. दहापट मिळाल्याचे आम्ही कधी पाहिले नाही, पण त्या शब्दाचा धाक पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडला.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. बारमाही कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली मंजूर झाली ती त्यांच्या खात्याने मांडलेली. मग १९४८ चा कारखाना कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यावर दुप्पट मजुरी, आणि हंगामी-बारमाही हा भेद रद्द. खानदेशातील त्या आठ रात्रींनंतर साठ-बासष्ट वर्षांनी जिनावरचा माणूस गिरणीवरच्या माणसाच्या बरोबरीला आला. त्याच साली किमान वेतनाचा कायदाही झाला. त्यातही जादा कामाचे कलम होते. आपल्याकडे हे सारे थोडे उशिरा पोहोचले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मोकळे झाले, आणि केंद्राचे कामगार कायदे १९५०-५१ च्या सुमारास मराठवाड्यात लागू झाले.

दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि गेला तो नागपुराहून. किमान वेतनाच्या कायद्याखाली नेमलेल्या तेथील प्राधिकाऱ्यापुढे काही नोकरांनी जादा कामाचा दावा लावला होता. समजा, सरकारने ठरविलेले किमान वेतन दहा रुपये आहे आणि माणसाला प्रत्यक्षात चौदा मिळतात. जादा कामाला वीस द्यावयाचे की अठ्ठावीस? दहाच्या दुप्पट वीस दिले की कायदा पाळला, असे देणाऱ्याचे म्हणणे. १९७२ साली न्यायालयाने सांगितले की तेथील नियमांत 'साधारण दर' म्हणजे माणसाला प्रत्यक्ष मिळतो तो दर, दुप्पट त्याचीच. हा निकाल आम्ही वहीत उतरून घेतला होता आणि कित्येक वर्षे खिशात बाळगला. पुढे १९९८ साली मध्यप्रदेशातील हट्टा नगरपालिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने किमान वेतनाच्या कायद्यातील जादा कामाचे कलम किमान वेतनावरच्या माणसापुरतेच आहे असे ठरविले, तेव्हा वहीतील त्या पानावर आम्हांस नवे टिपण लिहावे लागले. एका हाताने मिळते आणि दुसऱ्याने थोडे जाते. ज्याला हे सोसत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

आता एक आमच्या अनुभवातील गोष्ट. कारखान्याचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. पुष्कळ वर्षे झाली. आपल्या तालुक्यातील अकरा माणसे एका कंत्राटदाराकडे बारा तासांच्या पाळीवर होती, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे आठवड्याला बाहत्तर तास. त्यांतील चोवीस जादा. कंत्राटदार या चोवीस तासांना साधा दर देई. कामगारांच्या भाषेत 'सिंगल ओटी'. हिशेब केला तर प्रत्येकाची आठवड्याला तीन दिवसांची मजुरी बुडत होती. चार आठवड्यांत बारा दिवसांची. हे त्यांना आम्ही जमिनीवर खडूने आकडे मांडून दाखविले तेव्हा ते गप्प बसले. त्यांना वाटत होते, जादा काम मिळते हीच मेहेरबानी.

येथे आमच्या हातून चूक झाली. कंत्राटदार भेटला, गोड बोलला, 'दिवाळीपर्यंत थांबा, मिटवून टाकू' म्हणाला. आणि आम्ही थांबलो. किमान वेतनाच्या कायद्याखाली अर्जाची मुदत सहा महिन्यांची होती. उशीर माफ करण्याची तरतूद होती, पण तोंडी शब्दावर विसंबलो हे काही सबळ कारण होत नाही. अर्ज लागला तोवर सुरुवातीचे महिने मुदतीबाहेर गेले होते. ते पैसे त्या माणसांचे होते, आणि ते आमच्या भिडस्तपणाने गेले. पुढे कोणीही 'थांबा' म्हटले की आम्ही आधी अर्ज दाखल करतो आणि मग चहा पितो.

दुसरी अडचण पुराव्याची. हजेरीपटावर प्रत्येकाचे आठच तास मांडलेले. सह्या खऱ्या, कारण पगाराच्या दिवशी कोऱ्या रकान्यावर घेतलेल्या. मुकादम साक्ष देणार नाही. मग आम्ही घरोघर गेलो. एकाच्या बायकोने भिंतीवरचे कॅलेंडर काढून दिले. नवरा रात्री नऊनंतर आला की ती त्या तारखेवर पेन्सिलीने टिंब करी. कशासाठी, असे विचारता ती म्हणाली, 'भाकरी केव्हा थापायची ते कळावं म्हणून.' दुसऱ्याने एसटीची शेवटच्या गाडीची तिकिटे डब्यात ठेवली होती. चहावाल्याच्या खात्यात रात्रीच्या चहाची नोंद निघाली. समोरचे वकील कॅलेंडर पाहून हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी ते मागवून घेतले आणि टिंबे तिकिटांच्या तारखांशी ताडून पाहिली. तारखा जुळल्या. अकरांपैकी दोघांनी मध्येच अर्ज मागे घेतला. घरी माणूस पाठवून कामावरून काढण्याची धमकी दिली गेली होती. उरलेल्या नऊ जणांचे मुदतीतील थकलेले पैसे तडजोडीने मिळाले. दंड मिळाला नाही. दोघेजण पुढे पुष्कळ दिवस रस्त्यात भेटले की मान खाली घालीत, आणि त्यांचा राग आम्हांस कधीच आला नाही. ज्याच्या चुलीवर दुसऱ्या दिवशीची भाजी नाही त्याला धैर्याचा उपदेश करणे फार सोपे असते.

त्या प्रकरणात आम्ही वकील दिला नव्हता. पैसे नव्हते म्हणून. पुढे कळले की देण्याजोगा वकील फुकट मिळू शकला असता. गरिबाला कायद्याची मदत मिळावी हा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबई सरकारने १९४९ साली न्यायमूर्ती न. ह. भगवतींची समिती याच कामी नेमली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने एकोणचाळीस-अ हे कलम आले, आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात फुकट वकील कोणाला मिळावा याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, आणि त्याच यादीत औद्योगिक कामगार. त्याचे उत्पन्न किती, हे पाहावयाचे नाही. तालुक्याच्या न्यायालयाशी या कामाची समिती जोडलेली असते. हे आम्ही पाच-पन्नास सभांतून सांगितले असेल. तरी अजून दर सभेत कोणीतरी उठून विचारतो, 'म्हणजे खरंच फुकट?'

कोणी समजू नये की दुप्पट दराचा प्रश्न आता मिटला. २०२० च्या साथीत, १७ एप्रिल रोजी, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांचा दिवस बारा तासांचा आणि आठवडा बाहत्तर तासांचा केला, आणि जादा तासांना साधाच दर पुरे असे ठरविले. म्हणजे आमच्या त्या कंत्राटदाराचा हिशेब सरकारी छापखान्यातून बाहेर पडला. गुजरात मजदूर सभा ही युनियन थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि जोसेफ यांनी ती अधिसूचना रद्द केली. साथ ही कारखाना कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक आणीबाणी होत नाही, असे सांगून त्यांनी त्या काळात जादा काम केलेल्यांना कायद्याप्रमाणे पैसे देण्याचाही हुकूम केला. टाळेबंदीत बसल्या बसल्या आम्ही तो निकाल एका पोराकडून मराठीत समजावून घेतला आणि तीनदा ऐकला.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा एकशेपंधरावरून एकशेचव्वेचाळीस तास करण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी अशी अट त्यात आहे. कोऱ्या रकान्यावरच्या सह्या आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून या अटीचे आम्हांस फारसे अप्रूप वाटले नाही. मग २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९३६ व १९४८ चे ते जुने कायदे, ज्यांच्या जिवावर आम्ही आयुष्य काढले, इतिहासजमा झाले. या संहितांवर आमचे पुष्कळ आक्षेप आहेत. ते वेगळ्या सभेत. पण पदरात काय पडले तेही सांगितले पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर कायम आहे. दाव्याची मुदत तीन वर्षे झाली. नोंदलेल्या युनियनला अर्जाचा अधिकार राहिला. आणि मजुरी दिली की नाही याचा वाद आला, तर दिली हे शाबित करण्याचा भार मालकावर टाकला आहे. तीन वर्षांची मुदत तेव्हा असती, तर ते सुरुवातीचे महिने गेले नसते. मात्र किती तास काम केले हे सांगण्यासाठी स्वतःची नोंद आजही हाताशी असलेली बरी. आता पोरांच्या हातात मोबाईल आहे. फाटकातून आत जाताना आणि बाहेर पडताना त्यावर वेळ टिपून ठेवावयास काही खर्च येत नाही.

ते कॅलेंडर निकालानंतर आम्ही कचेरीतून परत आणले. आमच्या युनियनच्या कपाटात जपून ठेवावे असा आमचा विचार होता. पण त्या बाई दुसऱ्याच दिवशी दारात आल्या आणि ते मागून घेऊन गेल्या, कारण मागच्या पानांवर दुधाचा हिशेब होता आणि दूधवाल्याशी त्यांचा त्या महिन्याचा वाद अजून मिटावयाचा होता.